आधी कारखाना, मग डोंगर : नियमगिरीचे प्रकरण

ओडिशातल्या कालाहांडी जिल्ह्यात लांजीगढला वेदांता कंपनीचा, वर्षाला १० लाख टन ॲल्युमिना (ज्यापासून ॲल्युमिनियम बनते ती पूड) तयार करणारा कारखाना उभा राहिला, तेव्हा तो ज्याच्या भरवशावर बांधला त्या बॉक्साइट खनिजाचा एक खडाही हक्काचा नव्हता. बॉक्साइट होते पाठीमागच्या नियमगिरी डोंगराच्या माथ्यावर, सुमारे ७.२ कोटी टन. तो माथा खणायची परवानगी अजून यायची होती. हजारो कोटींचा कारखाना कच्च्या मालाची खात्री नसताना कोण बांधेल? परवानगी येणारच असे गृहीत धरलेला माणूस बांधेल. या प्रकरणाकडे पाहताना बहुतेकांची नजर डोंगरावरच्या देवाकडे जाते. मला त्याआधी हा क्रम पाहायला हवा असे वाटते.

करार जुना. सरकारी ओडिशा मायनिंग कॉर्पोरेशन आणि स्टरलाइट यांच्यात १९९७ साली बोलणी पक्की झाली. खाणपट्टा महामंडळाच्या नावावर, खनिज कंपनीच्या कारखान्याला. पुढे स्टरलाइटची पालक कंपनी वेदांता डिसेंबर २००३ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात उतरली. नियमगिरीसारखे खनिजाचे साठे मग तिथल्या गुंतवणूकदारांच्याही हिशेबात आले. ही साखळी ध्यानात ठेवावी लागते, कारण पुढे आंदोलनाने तिची दोन्ही टोके हलवली.

सप्टेंबर २००४ मध्ये कारखान्याला पर्यावरण मंजुरी मिळाली. प्रकल्पाला वनजमीन लागत नाही, अशी त्या वेळची नोंद. प्रत्यक्षात सुमारे ५९ हेक्टर वनजमीन लागत होती. खाणीचा अर्ज वेगळा, तो पुढे कधीतरी. म्हणजे एकच प्रकल्प कागदावर दोन केला, आणि त्यातला सोपा अर्धा आधी उभा केला. एकदा बॉयलर बसले, चिमणी वर गेली, किनारीसारखी गावे उठवून लोकांना ‘वेदांतनगर’ नावाच्या वसाहतीत नेले, की डोंगर नाकारणाऱ्याच्या डोक्यावर ‘एवढा पैसा पाण्यात घालवला’ हा ठपका आपोआप बसतो. आपल्याकडे धरणांच्या बाबतीत हे अनेकदा घडलेले आहे: भिंत आधी, पुनर्वसन नंतर.

या कंपनीचे नाव रत्नागिरीकरांना नवे नाही. स्टरलाइटचा तांबे वितळवण्याचा कारखाना आधी रत्नागिरीला यायचा होता. आंबा बागायतदार, मच्छीमार, शहरातले लोक असे सगळे रस्त्यावर आले, १९९३ साली आंदोलन पेटले, शेवटी सरकारला काम थांबवावे लागले. तो कारखाना मग तमिळनाडूत तुतुकुडीला गेला आणि तिथे २२ मे २०१८ रोजी आंदोलकांवरच्या गोळीबारात १३ माणसे मेली. रत्नागिरीचा विजय तुतुकुडीच्या वाट्याला काय घेऊन गेला, याची चर्चा आपण फारशी करत नाही. नियमगिरीच्या शेवटाकडे गेल्यावर ही गोष्ट पुन्हा टोचते.

डोंगरावर राहतात डोंगरिया कोंध. लोकसंख्या आठ हजारांच्या आसपास, भाषा कुवी. विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या यादीत त्यांचे नाव आहे. वस्त्या रायगडा जिल्ह्याच्या बिस्समकटक, मुनिगुडा, कल्याणसिंगपूर या तालुक्यांत विखुरलेल्या. डोंगराच्या पायथ्याशी, लांजीगढच्या बाजूला, कुटिया कोंध. सिकाका, कद्रका, पुसिका, जाकासिका, वडाका ही कुळांची नावे, आणि प्रत्येक कुळाचा डोंगरातला मुलूख ठरलेला. उतारावर फिरती शेती, नाचणी आणि इतर भरड धान्ये, कडधान्ये; त्याखाली हळद, आले, अननस, केळी, फणस. हा माल डोक्यावर घेऊन बायका चाटिकोना, मुनिगुड्याच्या आठवडी बाजारात उतरतात. बाहेरून आलेल्या अनेक बातमीदारांना ही माणसे ‘पैशाच्या जगाबाहेरची’ वाटली, ते चुकीचे आहे. डोंगरियांचा अननस नि हळद दूरवर जाते. बाजार त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, फक्त विकायचे काय ते त्यांनी स्वतः ठरवलेले आहे. माल खरेदी करणारे, उधार देणारे बहुतेक डोंब समाजाचे दलित व्यापारी. या दोन समाजांत देण्याघेण्यावरून ताण असतो, पण डोंबांचेही पोट याच डोंगरावर चालते, म्हणून खाणीच्या प्रश्नावर ‘आदिवासी विरुद्ध बाकीचे’ अशी सरळ फाळणी झाली नाही. ही बाजू बहुतेक लेखांत गाळली जाते.

डोंगराचा मालक नियमराजा. माथ्यावरची झाडे तोडायची नाहीत, हा त्याचा कायदा. आता बॉक्साइटचे रूप पाहा. ते डोंगराच्या डोक्यावर टोपीसारखे बसलेले असते, सच्छिद्र असते, पावसाळ्यात पाणी धरते आणि वर्षभर झऱ्यांतून सोडते. वंशधारा नदी याच डोंगररांगेतून निघते. माथा खरवडला की झरे आटायची भीती, आणि झरे आटले की खालची हळद-अननसाची बाग गेली. देवाची आज्ञा आणि पाण्याचे गणित इथे एकाच जागी येऊन बसतात. म्हणून ‘श्रद्धा की पर्यावरण’ हा शहरी प्रश्न डोंगरियांना बहुधा पडलाच नाही.

लढ्याची सुरुवात साधी होती. लांजीगढला जमिनी घेतल्या जाऊ लागल्या, लोक अडवायला गेले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. नियमगिरी सुरक्षा समिती उभी राहिली. त्यात लाखपदर गावचे लादो सिकाका यांच्यासारखे डोंगरावरचे लोक होते आणि किशन पटनायक यांच्या समाजवादी जन परिषदेच्या मुशीतले लिंगराज आझाद यांच्यासारखे बाहेरचे कार्यकर्तेही. लोकांनी रस्ते अडवले, डोंगराभोवती मानवी साखळी केली, कंपनीच्या गाड्या चढू दिल्या नाहीत. ऑगस्ट २०१० मध्ये लादो सिकाका यांना दिल्लीला जाताना वाटेत उचलून नेले गेले. कोठडीत मारहाण झाल्याचे त्यांनी सुटल्यावर सांगितले.

त्याच ओडिशात, त्याच वर्षांत, शेजारी काय घडत होते ते आठवले तर या लढ्याची जोखीम कळते. काशीपूरच्या मैकंच गावात १६ डिसेंबर २००० रोजी ॲल्युमिना प्रकल्पाच्या विरोधकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तीन आदिवासी मेले. तो प्रकल्प पुढे झालाच. कलिंगनगरला २ जानेवारी २००६ रोजी पोलाद कारखान्याच्या जागेवर १३ आदिवासी मारले गेले. तोही झाला. तेव्हा ‘लोक खंबीर उभे राहिले म्हणून जिंकले’ हे उत्तर अपुरे आहे. काशीपूरचे लोकही खंबीरच होते. नियमगिरीत वेगळे काय घडले?

एक, लढा कायद्याच्या वाटेवर लवकर गेला. २००४ च्या अखेरीस विश्वजित मोहंती, प्रफुल्ल सामंतरा हे कार्यकर्ते आणि एका अभ्यास संस्थेने सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीकडे तक्रार केली. कारखाना आणि खाण एकच आहे, दोन दाखवून मंजुरी घेतली, हा मुद्दा त्यात होता. सप्टेंबर २००५ च्या अहवालात समितीने तो उचलून धरला आणि खाणीला परवानगी देऊ नये अशी शिफारस केली. इतके झाल्यावर प्रकरण संपायला हवे होते. नाही संपले. नोव्हेंबर २००७ मध्ये न्यायालयाने वेदांताला नकार दिला, पण तिच्याच भारतीय उपकंपनीला, स्टरलाइटला, अटी मान्य करून यायची वाट मोकळी ठेवली. अट काय? नफ्याच्या ५ टक्के किंवा वर्षाला १० कोटी रुपये, यांत जे जास्त असेल ते आदिवासी विकासावर खर्च करायचे. ऑगस्ट २००८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झाले.

हा निकाल मला या प्रकरणाचा खरा मध्यबिंदू वाटतो, कारण त्यातला विचार अगदी सभ्य आहे. न्यायालयाने आदिवासींची थट्टा केली नाही. त्यांना वाटा देऊ केला. फक्त डोंगर द्यायचा की नाही, हे त्यांना विचारायचे राहून गेले. किंमत किती हाच प्रश्न धरला की विक्री होणार हे आधीच ठरलेले असते. खाण विरोधकांमध्येही जास्त नुकसानभरपाई मागावी असे म्हणणारे होते, आणि २००८ च्या निकालानंतर ती वाट व्यवहार्य दिसत होती. नियमगिरी सुरक्षा समिती त्या वाटेला गेली नाही.

दोन, नेमके त्याच वर्षी, १ जानेवारी २००८ ला, वनहक्क कायद्याचे नियम लागू झाले होते. त्या कायद्यात ग्रामसभेला जंगल आणि आपला सांस्कृतिक वारसा राखायचा अधिकार आहे, आणि विशेष असुरक्षित गटांना त्यांच्या अधिवासावर हक्क आहे. ऑगस्ट २००९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढले: वनजमीन दुसऱ्या कामाला वळवायची तर ग्रामसभेची संमती जोडा. एक कोरडे सरकारी परिपत्रक, पण त्याने प्रश्न बदलला. आता ‘किती देता?’च्या आधी ‘विचारले का?’ आले. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला याच कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावची जुनी घोषणा आपल्याला परिचयाची आहे. ओडिशात त्याच कलमांना एका बहुराष्ट्रीय कंपनीशी गाठ पडली.

तीन, लंडन. कंपनी तिथल्या बाजारात होती म्हणून तिथे तिला प्रश्न विचारता येत होते. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने २००७ मध्येच वेदांतातून पैसे काढले. आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या सर्व्हायव्हल इंटरनॅशनल या संस्थेच्या तक्रारीवर ब्रिटिश सरकारच्या यंत्रणेने सप्टेंबर २००९ मध्ये कंपनीवर ठपका ठेवला: डोंगरियांशी पुरेशी सल्लामसलत केली नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने शेअर विकले. विकलेल्या रकमा कंपनीच्या आकारापुढे किरकोळ होत्या. परिणाम झाला तो दिल्लीत. इंग्रजी वर्तमानपत्रांत नियमगिरी रोज येऊ लागले, एका हॉलिवूडपटाशी तुलना झाली, तारे-तारका पुढे आल्या. हे सगळे थोडे उथळ होतेच. पण जागतिकीकरणाविरुद्धचा लढा जागतिक भांडवलाच्याच वाटांनी उलटा चढला, हे मान्य करायला हवे.

२०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नेमलेली एन. सी. सक्सेना यांची चार जणांची समिती आली. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे तेव्हाचे संचालक एस. परशुरामन, समाजशास्त्रज्ञ अमिता बाविस्कर आणि वनाधिकारी प्रमोद कांत हे बाकीचे सदस्य. १६ ऑगस्टला आलेल्या अहवालातल्या काही गोष्टी थक्क करणाऱ्या आहेत. कंपनीने कारखान्याच्या कुंपणात गावाची २६ हेक्टर वनजमीन बेकायदा घेतली होती. परवानगी नसताना कारखाना १० लाखांवरून ६० लाख टनांवर न्यायचे बांधकाम सुरू केले होते. आणि सर्वांत बोलका हिशेब असा: एक टन ॲल्युमिनाला साधारण तीन टन बॉक्साइट लागते, तेव्हा वाढीव कारखान्याला नियमगिरीचा अख्खा साठा जेमतेम चार वर्षे पुरला असता. चार वर्षांच्या कच्च्या मालासाठी तो माथा कायमचा जाणार होता. पुढे काय, दुसरा डोंगर.

२४ ऑगस्टला पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी वनमंजुरी नाकारली. कारखान्याला बॉक्साइट पुरवणाऱ्या १४ खाणींपैकी ११ खाणींना पर्यावरण मंजुरीच नव्हती, असेही त्यांच्या आदेशात आले. दोन दिवसांनी राहुल गांधी लांजीगढला सभा घेऊन आले. ओडिशात सरकार बिजू जनता दलाचे, दिल्लीत काँग्रेसचे. या राजकारणाचा वाटा नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. या नकाराविरुद्ध ओडिशा मायनिंग कॉर्पोरेशन सर्वोच्च न्यायालयात गेले.

१८ एप्रिल २०१३ चा निकाल न्या. के. एस. राधाकृष्णन यांनी लिहिला. न्यायालयाने स्वतः हो किंवा नाही म्हटले नाही. खाणीमुळे नियमराजाच्या पूजेच्या हक्काला, धार्मिक-सांस्कृतिक हक्कांना बाधा येते का, ते ग्रामसभांनी ठरवावे, तीन महिन्यांत, आणि जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली.

राज्य सरकारने त्यासाठी १२ गावे निवडली, रायगड्यातली सात आणि कालाहांडीतली पाच. डोंगराच्या अंगाखांद्यावर शंभरावर वस्त्या असताना बाराच का? आदिवासी व्यवहारमंत्री किशोरचंद्र देव यांनी जाहीर हरकत घेतली. बाधित होणारी सगळी गावे घ्या, असे त्यांचे म्हणणे. राज्याने ऐकले नाही. सुरक्षा समितीपुढे पेच होता: बहिष्कार टाकायचा, की अपुरी असली तरी ही संधी घ्यायची? त्यांनी घ्यायचे ठरवले. कारखाना डिसेंबर २०१२ पासून खनिजाअभावी बंद होता, तो जुलै २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्याच महिन्यात ग्रामसभा लागल्या.

१८ जुलैला सेरकापाडी. भर पावसाळा, डोंगरवाटा चिखलाने भरलेल्या, मंडपाभोवती सशस्त्र पोलीस. न्यायाधीश बसलेले, अधिकारी नकाशा घेऊन आलेले. पूजेची जागा नेमकी कोणती, ती दाखवा, म्हणजे तेवढी सोडून बाकीची पाहता येईल, असा अधिकाऱ्यांचा सूर. लोकांनी जागा दाखवली नाही. अख्खा डोंगर नियमराजाचा, त्याचे तुकडे होत नाहीत, असे एकामागून एक माणूस कुवीत बोलत गेला. प्रश्न देवाचा विचारला होता, उत्तरे आली पाण्याची, पिकांची, गुरांची, कंदमुळांची, पोरांच्या पोटाची. न्यायालयाने उघडलेले दार अरुंद होते. लोकांनी ते आपल्या मापाने रुंद करून घेतले, आणि न्यायाधीशांसमोर हे सगळे नोंदले गेले.

मग केसरपाडी, ताडीझोला, पालबेरी, फुलडुमेर. प्रत्येक ठिकाणी नकार. इजुरुपा हे एकाच घराचे गाव. ते घरही आदिवासी नव्हे, गवळी समाजाचे. तिथे तरी होकार मिळेल अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती फसली. त्या घरानेही नाही म्हटले. लांबा, लाखपदर, खंबेसी. १९ ऑगस्टला जरपा गावात बारावी ग्रामसभा झाली आणि बारावा नकार नोंदला गेला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने खाण नाकारली. ओडिशा सरकारने २०१६ मध्ये पुन्हा ग्रामसभा घेऊ द्या म्हणून न्यायालयाचे दार ठोठावले, ते मे महिन्यात बंद झाले. पहिल्या तक्रारदारांपैकी प्रफुल्ल सामंतरा यांना २०१७ चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

इथे थांबणारे लेख पुष्कळ आहेत. मला थांबता येत नाही, कारण ग्रामसभांनी खाण नाकारली, कारखाना नाही. तो प्रश्न त्यांना विचारलाच गेला नव्हता. लांजीगढची चिमणी चालू राहिली, कारखान्याच्या टाकाऊ लाल गाळाचे तलाव राहिले, जमीन गेलेली कुटुंबे वसाहतीतच राहिली. बॉक्साइट परराज्यांतून, परदेशांतून येत राहिले आणि कारखान्याची क्षमता वाढत गेली. भूक तशीच, फक्त ताट लांबून येऊ लागले.

डोंगरावर सशस्त्र दलांची ये-जा वाढली. फेब्रुवारी २०१६ मध्ये मंदा कद्रका हा डोंगरिया तरुण सुरक्षा दलांच्या गोळीने मेला. पोलीस चकमक म्हणतात, गावकरी नाही म्हणतात. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०१६-१७ च्या वार्षिक अहवालात नियमगिरी सुरक्षा समितीचे नाव माओवाद्यांशी जोडले गेले. न्यायाधीशांसमोर हात वर करून आपले म्हणणे नोंदवणाऱ्या संघटनेला हा शिक्का. गडचिरोलीच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. सूरजागडच्या डोंगरावरही ठाकूरदेव आहे, तिथेही ग्रामसभांनी लोहखनिजाच्या खाणीविरुद्ध ठराव केले, आणि तिथे खाण चालू आहे. देव असणे पुरेसे नसते.

नियमगिरीपासून जवळच, रायगडा-कालाहांडीच्याच सीमेवर, सिजिमाळी नावाचा डोंगर आहे. स्थानिक लोक त्याला तिजिमाळी म्हणतात, आणि तिथे तिजराजाची पूजा होते. बॉक्साइटचा साठा सुमारे ३१ कोटी टन, नियमगिरीच्या चौपट. २०२३ मध्ये लिलावात तो वेदांताकडे गेला. ऑगस्टमध्ये लोकांनी कामगारांना अडवले, धरपकड झाली. त्याच महिन्यात नियमगिरीच्या कार्यकर्त्यांवर यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लावला गेला; बोभाटा झाल्यावर पोलिसांनी ते कलम मागे घेतले. ऑक्टोबरच्या जनसुनावण्यांत गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला. तरी ८ डिसेंबर २०२३ रोजी एकाच दिवशी दहा गावांत ग्रामसभा भरल्या आणि त्यांनी वनजमिनीला संमती दिली, असे कागद पुढे आले. अशा सभा झाल्याच नाहीत, सह्या खोट्या आहेत, असे गावकऱ्यांचे म्हणणे आहे आणि वाद उच्च न्यायालयात गेला. नियमगिरीच्या बारा ग्रामसभांत कोण काय बोलले हे न्यायाधीशांसमोर नोंदले गेले होते, त्यामुळे तिथे असा वाद उद्भवायला जागाच नव्हती. सिजिमाळीच्या सभांना तसा साक्षीदार नव्हता.